‘सर, तुमची उंची जास्त आहे’: रोलर कोस्टरचा बार नेमकं कुणाला धरतो?

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

एसटीत खिडकीशी बसून ऐकत असाल, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, नाहीतर टोमॅटोच्या प्लॉटमध्ये ड्रिपच्या नळ्या बघत हिंडत असाल, सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय एका व्हॉइस नोटवरून आलाय. मंचरकडचा एक श्रोता आहे. तो म्हणतो, “दादा, माझी उंची सहा फूट पाच इंच. मित्रांबरोबर एका पार्कात गेलो होतो. दीड तास लाइनीत उभा राहिलो. गेटवरच्या पोराने पट्टी लावली आणि म्हणाला, सर, तुमची उंची जास्त आहे, बसता येणार नाही. मित्र सगळे बसले, मी खाली त्यांच्या बॅगा धरून उभा. लहान पोरांना नाही म्हणतात ते समजतं, निसटतील म्हणून. पण मी कुठून निसटणार?”

पार्क कोणतं ते महत्त्वाचं नाही. प्रश्न मात्र भारी आहे, आणि मला तो जरा जास्तच लागला, कारण मी स्वतः सहा फूट तीन इंच आहे. जत्रेत एकदा माझ्या या उंचीमुळे अडचण झाली होती, पण माझी नाही, शेजारी बसलेल्या पोराची. ती गोष्ट शेवटाकडे सांगतो. ती कळायला आधी बार काय काम करतो ते कळलं पाहिजे.

बार कशासाठी असतो?

बहुतेकांना वाटतं, गाडी उलटी होते तेव्हा आपण खाली पडू नये म्हणून बार असतो. हे अर्धंच खरं आहे.

पाणी भरलेली बादली जोरात गोल फिरवली तर पाणी सांडत नाही, हे शाळेत सगळ्यांनी करून बघितलंय. कोस्टरच्या गोल लूपमध्ये तेच होतं. गाडीला पुरेसा वेग असेल तर लूपच्या टोकाला, डोकं खाली असतानाही, तुम्ही सीटवर दाबलेच जाता. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटन पार्कात १९७६ साली ‘रिव्होल्यूशन’ नावाचा कोस्टर सुरू झाला. त्यात पूर्ण उभा लूप होता आणि सुरुवातीला फक्त मांडीवर बार होता, खांद्यावर काहीच नाही. पुढे खांद्यावरचे हार्नेस बसवले, आणि २०१६ मध्ये ते काढून पुन्हा मांडीवरचा बार आणला.

मग बार लागतो कधी? एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून खड्ड्यातून गेलायत कधी? गाडी खाली जाते, तुम्ही वरच राहता, आणि क्षणभर सीट आणि तुमच्यात हवा असते. कोस्टरची गाडी टेकडी चढून पटकन खाली वळते तेव्हा हेच होतं, पण कितीतरी जोरात. गाडी खाली खेचली जाते, तुमचं शरीर सरळ पुढे जाऊ बघतं. पोटात गोळा येतो तो तिथेच. त्या वेळी तुम्हाला गाडीत ठेवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे बार. दुसरी वेळ म्हणजे अचानक ब्रेक लागून गाडी भलत्याच जागी थांबते तेव्हा. वेग संपला की बादलीतलं पाणीही सांडतं.

आता आपल्याजवळचं उदाहरण घेऊ. मंचरहून चाकण, तळेगाव, लोणावळा करत घाट उतरला की खोपोली. तिथलं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं. आता ते संगमनेरच्या मालपाणी ग्रुपकडे आहे, म्हणजे नाशिक हायवेने आपले शेजारीच म्हणायचे. तिथला ‘नायट्रो’ स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड कंपनीने बनवलाय. उंची साधारण ४० मीटर. खोडदला जीएमआरटीच्या मोठ्या डिश बघितल्या असतील. त्यातल्या एका डिशचा व्यास ४५ मीटर आहे. ती डिश उभी करून ठेवली असं समजा, तर नायट्रो तिच्यापेक्षा थोडासाच बुटका भरेल. ४० मीटर उंचीवरून खाली आलं की वेग जातो ताशी १०० किलोमीटरच्या आसपास. वर्गमुळात दोन गुणिले ९.८ गुणिले ४०, बारावीचं सूत्र, घरी करून बघा.

या वेगात तुमचं शरीर आणि गाडी यांच्यात एकच करार असतो: तुम्ही हलायचं नाही. तो करार पाळायचं काम बारचं.

लॉक कसं लागतं?

बारचे ढोबळ दोन प्रकार. एक मांडीवर येणारा आणि दुसरा डोक्यावरून खाली येऊन खांदे आणि छाती धरणारा हार्नेस.

लॉकही मुख्यतः दोन प्रकारचं. पहिलं रॅचेट. गॅरेजवाल्याकडे कट-कट वाजणारा पाना असतो ना, एका बाजूला फिरतो, उलटा फिरवला की अडतो, तेच तत्त्व. दातेरी पट्टी आणि तिच्यात अडकणारा खटका. बार खाली येताना कट-कट करत येतो, वर जाऊ देत नाही. पण तो दात-दातानेच थांबणार, दोन दातांच्या मध्ये नाही.

दुसरं हायड्रॉलिक. ट्रॅक्टरची ट्रॉली उचलणारा सिलिंडर डोळ्यांसमोर आणा. बारच्या मागे तसाच छोटा सिलिंडर असतो. तेल एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह त्यात असतो. बार खाली दाबला की तेल पुढे जातं, वर ओढला तर तेलाला परत यायला रस्ताच नसतो. म्हणून तो कुठेही थांबू शकतो, अगदी तुमच्या मापाने. चांगल्या राइडवर प्रत्येक सीटला असं लॉक एक नाही, दोन असतात. एक गेलं तर दुसरं धरतं.

अमेरिकेतली एएसटीएम ही मानकं ठरवणारी संस्था आहे. तिच्या एफ२२९१ या मानकात राइडच्या धक्क्यांप्रमाणे बारचे पाच वर्ग केलेत. पहिल्या वर्गात बारच नको, कारण राइड संथ. दुसऱ्या-तिसऱ्यात बार हवा, पण तो दोघा-तिघांत एक चालतो. चौथ्यापासून प्रत्येकाला आपापला बार. आणि पाचव्यात प्रत्येकाचं स्वतंत्र लॉक, लॉकला बॅकअप, आणि लॉक लागलं की नाही ते बाहेरून कळायला हवं. ‘दोघांत एक’ आणि ‘प्रत्येकाला एक’ हा फरक डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

पट्टीची खालची रेघ

लहान मुलांचं सोपं आहे. बार मांडीच्या घडीत, म्हणजे मांडी आणि पोट मिळतात तिथे बसला पाहिजे. मुलाच्या मांड्या आखूड, बारीक. बार पूर्ण खाली आला तरी खाली जागा उरते आणि मूल त्या जागेतून सरकू शकतं. मोठ्या कोस्टरवर कमीत कमी उंची बऱ्याचदा १४० सेंटीमीटरच्या आसपास असते. अमेरिकेत ५४ इंच लिहितात, म्हणजे १३७.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. राइडला तुमच्या उंचीशी देणंघेणं नाहीच. तिला हवी असते मांडीची जाडी, धडाची लांबी, खांद्याची जागा. पण गेटवरच्या पोराने प्रत्येकाची मांडी मोजायची म्हटलं तर लाइन खोपोलीहून घाट चढून लोणावळ्यात जाईल. म्हणून तीन सेकंदांत मोजता येतं असं एकच माप धरलंय, उंची. ती खऱ्या मापाची बदली खेळाडू आहे.

आता वरची रेघ

जगात बऱ्याच राइड्सवर कमाल उंची १९५ ते २०० सेंटीमीटरच्या आसपास असते. न्यू जर्सीला ‘किंगडा का’ नावाचा १३९ मीटरचा कोस्टर होता, २०२५ च्या फेब्रुवारीत स्फोटकं लावून पाडला. त्याची मर्यादा सहा फूट पाच इंच. म्हणजे आपला मंचरचा भाऊ तिथे काठावर बसला असता. आणि १९५ ची पट्टी असलेल्या ठिकाणी तो अर्ध्या सेंटीमीटरने बाहेर, कारण सहा फूट पाच म्हणजे १९५.५८.

का बाहेर? कारणं तीन.

पहिलं, धड. खांद्यावरचा हार्नेस ठरावीक उंचीवर फिरतो. तुमचं धड लांब असेल तर हार्नेस छातीवर पोचायच्या आधीच खांद्यावर टेकतो. मग एक तर लॉकच्या पहिल्या दातापर्यंत येत नाही, किंवा जोर लावून दाबून आणावा लागतो. दाबून आणला की पुढची गंमत बघा. गाडी खड्ड्याच्या तळाशी येते तेव्हा तुमचं वजन तिप्पट-चौपट झाल्यासारखं होतं. शरीर सीटमध्ये रुततं, पाठीचा कणा किंचित दबतो, खांदे खाली येतात. त्या क्षणी रॅचेट हार्नेस आणखी एक दात खाली जाऊ शकतो. कट! आणि रॅचेट परत वर येत नाही. पुढच्या चढावर तुमचं शरीर पुन्हा सरळ व्हायला बघतं, पण जागा गेलेली असते. सगळा भार दोन खांद्यांवरून थेट मणक्यावर. ज्याने हा अनुभव घेतलाय त्याला विचारा, दोन दिवस मान वळत नाही.

काही जण यावर उपाय म्हणून कमरेतून पुढे सरकून, वाकून बसतात आणि लॉक लावून घेतात. हे सगळ्यात वाईट. कमरेमागे पोकळी राहते, हार्नेस वाकलेल्या शरीराला बसतो आणि पहिल्या झटक्यात शरीर जागा बदलतं. लॉक लागलंय, पण तुम्ही जसे बसला होता तसे आता नाही.

दुसरं, पाय. सीटच्या पुढे गुडघ्यांना ठरावीकच जागा असते. गुडघे समोर टेकले की मांड्या वर उचलल्या जातात आणि मांडीवरचा बार घडीत बसायच्या ऐवजी गुडघ्याकडे बसतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बार घट्ट आहे. आहेच घट्ट, पण चुकीच्या जागी. कंबर मोकळी. नायट्रोसारख्या फ्लोअरलेस कोस्टरमध्ये पायांखाली फळीच नसते, पाय लोंबकळतात, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न कमी होतो. पण स्टेशनवरची जमीन खाली सरकते तेव्हा लांब पायवाल्यांनी पाय उचलून धरायचे.

तिसरं, हात. हे कारण कुणाच्या डोक्यात येत नाही. मी आणि माझा एक मित्र घरी खुर्चीत बसलो आणि हात सरळ वर केले. बसल्या जागेपासून बोटाच्या टोकापर्यंत मोजलं. तो पाच फूट पाच, त्याचं आलं १३६ सेंटीमीटर. माझं १५७. म्हणजे एकवीस सेंटीमीटरचा फरक, एक वीत. कोस्टर बनवताना गाडीभोवती एक अदृश्य पेटी आखतात: बसलेल्या माणसाचा हात, डोकं, पाय जास्तीत जास्त कुठवर जाईल ती जागा. त्या पेटीत खांब, जिना, झाडाची फांदी काहीही येता कामा नये. राइड सुरू करायच्या आधी त्या मापाचा सांगाडा गाडीवर बसवून हळूहळू पूर्ण ट्रॅकवर फिरवतात. ती पेटी ठरावीक मापाच्या माणसासाठी आखलेली असते. तुम्ही त्याहून लांब असाल तर तुमची बोटं पेटीच्या बाहेर. ताशी शंभरच्या वेगात.

आणि हो, मोबाइलवाल्यांनो, हात लांब करून रील काढणारा पाच फूट पाचचा माणूसही पेटीच्या बाहेर जातो. फोन खिशात, खिशाला चेन, नाहीतर लॉकरमध्ये.

मग हा अन्याय नाही का?

थोडा आहे. माझ्याच उंचीची दोन माणसं घ्या. एकाचे पाय लांब, दुसऱ्याचं धड लांब. पहिला आरामात बसेल, दुसरा अडकेल. आणि माणूस सकाळी उठल्यावर संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या गाद्या दबतात. आपल्या भावाने चार वाजता पट्टीखाली उभं राहायला हवं होतं! म्हणूनच काही राइड्सवर कमाल उंची लिहिलेलीच नसते. नियम एकच: हार्नेस लॉक व्हायला हवा आणि हार्नेसपासून सीटला जोडणारा छोटा पट्टा बकलमध्ये बसायला हवा. बसला नाही तर उतरा. तो पट्टा म्हणजेच पट्टी, फक्त उंचीची नाही, खऱ्या मापाची. परदेशात बऱ्याच पार्कांत गेटबाहेर एक रिकामी सीट ठेवतात. बसून बघा, मग लाइनीत लागा. ही साधी सोय सगळीकडे हवी. दीड तास उभं राहून नकार ऐकणं यातला अपमान त्याने वाचला असता.

पण नकार द्यावा का, यावर माझं मत पक्कं आहे. का, ते दोन घटनांवरून सांगतो.

२०११, न्यूयॉर्क राज्य. इराकमध्ये दोन्ही पाय गमावलेला एक सैनिक घरच्यांबरोबर पार्कात गेला. ‘राइड ऑफ स्टील’ कोस्टरचा बार मांड्या आणि नडग्यांच्या भरवशावर होता. दोन्ही पाय असणं हा नियम होता. त्याला बसू दिलं. तो गाडीतून फेकला गेला आणि वारला. कुणी वाईट मनाने बसवलं नव्हतं. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं, असं तिथे कुणालाही वाटलं असतं. पण बारला मन नसतं.

दुसरी २०२२ ची, ऑर्लँडो. ४३० फुटी टॉवरवरून सरळ खाली सोडणारी राइड. चौदा वर्षांचा मुलगा, वयाच्या मानाने खूप धिप्पाड, राइडच्या १३० किलोच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त वजन. त्याच्या वडिलांनी नंतर सांगितलं की त्याच दिवशी दुसऱ्या राइड्सनी त्याला नाही म्हटलं होतं. या राइडने बसवलं. हार्नेस पूर्ण खाली आला नव्हता, सीट आणि हार्नेसमध्ये मोठी फट होती. तरी राइड सुरू झाली, कारण हार्नेस बंद आहे हे सांगणारा दिवा लागला. खाली ब्रेक लागताच तो त्या फटीतून निसटला.

दिवा का लागला? चौकशीत निघालं की त्या सीटचा सेन्सर हाताने सरकवून ठेवला होता, नेहमीपेक्षा जवळपास दुप्पट फट असली तरी ‘बंद’ म्हणेल असा.

मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. सेन्सर बिघडला नव्हता. सॉफ्टवेअरमध्ये बग नव्हता. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं. प्रश्नच कुणीतरी बदलून ठेवला होता. टेस्ट पास होत नाही म्हणून टेस्टच सैल करायची, हे आमच्या धंद्यात डेडलाइनच्या आदल्या रात्री होतं. आमच्याकडे ॲप क्रॅश होतं. तिथे एक पोरगं गेलं. ती राइड पुढे उतरवली, आणि फ्लोरिडाने २०२३ मध्ये त्या मुलाच्या नावाने कायदा केला.

म्हणून मंचरच्या भावा, पट्टी लावून ‘नाही’ म्हणणारा तो पोरगा तुझा मान काढत नव्हता. त्याने टेस्ट सैल केली नाही, एवढंच.

आता आपल्या यात्रेतले पाळणे

कोस्टरला आपण वर्षातून एकदा जातो, तेही गेलो तर. यात्रेला मात्र दरवर्षी. चैत्र लागला की जुन्नर-आंबेगावात गावोगाव यात्रा, घाटात बैलगाडे, रात्री तमाशा, आणि पटांगणात पाळणे. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, आणि लहान पोरांची आवडती ड्रॅगन ट्रेन. ती ड्रॅगन ट्रेन म्हणजे कोस्टरच. चार-पाच मीटरची टेकडी, लांबट गोल ट्रॅक, तीन-चार फेऱ्या.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्यातल्याच एका गावची यात्रा, नाव घेत नाही. बहिणीचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. मामा, बसायचं, बसायचं. बसलो. दोघांत एक बार. पाळणेवाल्याने बार खाली आणला, तो माझ्या मांड्यांवर टेकला आणि थांबला. त्याने पिन लावली, पुढे गेला.

पहिल्याच उतारावर पोरगं सीटवरून उठलं. हाताने नाही, अख्खं. त्याच्या मांड्या आणि बार यांच्यात माझा हात सहज जाईल एवढी जागा होती. मी त्याचा शर्ट धरला, मग कमरेला मिठी मारली आणि उरलेल्या फेऱ्या तशाच काढल्या. तो हसत होता. त्याला वाटलं मामा खेळतोय. उतरल्यावर पाळणेवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, “काही होत नाही भाऊ, रोजची गाडी आहे.”

मी रात्री विचार करत होतो की चूक कुठे झाली. बार तुटला नव्हता, पिन लागली होती. चूक होती माझी मांडी. दोघांत एक बार असला की तो जाड मांडीवर थांबतो. मी जेवढा मोठा, तेवढं पोरगं मोकळं. मी त्याला सांभाळायला शेजारी बसलो होतो, आणि मी शेजारी बसलो म्हणूनच तो सुटा राहिला. तोच एखाद्या त्याच्याच मापाच्या मुलाबरोबर बसला असता तर बार आणखी खाली आला असता.

मानकात एका पायरीनंतर ‘प्रत्येकाला आपापला बार’ का म्हटलंय, ते मला त्या ड्रॅगन ट्रेनमध्ये कळलं.

घाबरवायचं म्हणून हे सांगत नाही. पण दुर्घटना फक्त अमेरिकेत होत नाहीत. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरियाला झोक्यासारखी राइड माणसांसकट तुटून खाली आली. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीच्या कापसहेड्यात चोवीस वर्षांची एक मुलगी रोलर कोस्टरवरून पडून गेली. आणि यात्रेतल्या पाळण्याजवळ उंचीची पट्टी बहुतेक वेळा नसतेच. तिथे पट्टी आपणच व्हायचं.

तर करायचं काय?

सहा गोष्टी सांगतो, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. बार लागला की दोन्ही हातांनी वर ओढून बघा. थोडा हलला तर ठीक, उघडायला लागला तर गाडी सुटायच्या आधी ओरडा.

२. पिन असेल तर तिच्या टोकाला क्लिप आहे का बघा. क्लिप नसलेली पिन धक्क्यांनी बाहेर येते.

३. दोघांत एक बार असेल तर मोठ्या माणसाशेजारी लहान मूल नको. मूल बसवल्यावर त्याची मांडी आणि बार यांच्यात तुमची मूठ जात असेल तर त्याला उतरवा. रडेल. रडू दे.

४. उंच असाल तर पाठ आणि कंबर सीटला पूर्ण टेकवून बसा, डोकं मागे. असं सरळ बसून लॉक लागत नसेल तर ती राइड तुमची नाही. वाकून मापात बसू नका.

५. पार्कात जायच्या आधी त्यांच्या वेबसाइटवर त्या-त्या राइडची कमीत कमी आणि जास्तीत जास्त उंची बघा. घरी चपला काढून, भिंतीला टेकून, सेंटीमीटरमध्ये मोजा. फुटाचा हिशोब काठावर फसवतो.

६. पाळणेवाला सगळ्यांचे बार न बघताच गाडी सोडत असेल, तर तिकिटाचे पैसे गेले समजा आणि उतरा.

भाचा आता मोठा झालाय. यंदा यात्रेत पुन्हा म्हणाला, मामा, ड्रॅगन? मी म्हटलं, आधी चल, बघू. त्यानेच जाऊन बार ओढून पाहिला, पिन पाहिली. परत आला आणि म्हणाला, “मामा, पिन आहे, पण क्लिप नाही.” आम्ही गोडीशेव घेतली आणि बैलगाडे बघायला घाटाकडे गेलो.

मंचरच्या भावा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात: तू निसटणार म्हणून नाही, तर सीट तुझ्या मापाची नाही म्हणून. चूक तुझ्या उंचीची नाही आणि त्या पोराचीही नाही. पुढच्या वेळी आधी मर्यादा बघून जा. आणि बॅगा धरायची पाळी आलीच, तर मित्रांकडून निदान एक वडापाव वसूल कर.

तुमच्या गावच्या यात्रेत पाळण्यांची तपासणी कोण करतं, कशी करतं, हे माहीत असेल तर व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांच्या आत, आणि मागे डीजे चालू नसताना! भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत बार ओढून बघत राहा.